पान एकसष्ट

"'पुस्तकाच्या पाठीवर त्याच्या धाकट्या भावंडांची नावं छापलेली असतील, तर ते पहिलं छापलेलं नव्हे.'" प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला आणि पुस्तक वर धरून सगळ्यांना दाखवलं. "काय वाक्य आहे बघा. नेरूरकर सर हाडाचे शिक्षक आहेत, हे या एका ओळीवरून कळतं."

सभागृहात टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत बसलेल्या केसरबाईने टाळी वाजवली नाही. शेजारी बसलेली तिची मुलगी मनीषा टाळी वाजवता वाजवता थांबली आणि आईकडे पाहू लागली.

"आई, हे तर तू म्हणतेस."

"म्हणते नही. लिहेल आहे."

चार वर्षांपूर्वी दोनशे पानी वहीत केसरबाईने ती ओळ बॉलपेनने लिहिली होती. मुलांसाठीच्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकांच्या मागच्या पानावर मालेतल्या बाकीच्या पुस्तकांची यादी असते. त्या यादीत नंतर निघालेल्या पुस्तकांची नावं असतील, तर हातातली प्रत पुन्हा छापलेली आहे, आत 'पहिली आवृत्ती' असं लिहिलेलं असलं तरी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रद्दी निवडता निवडता तिचं तिला कळलं होतं. वहीत 'लहान भावंडाईचे नावं' होतं, सरांनी ते 'धाकट्या भावंडांची' केलं होतं. एवढाच फरक.

तिने दारात वाटलेली प्रत उघडली. 'आण्याच्या किमतीवरून साल कसं काढावं.' हे तिचं. 'नकाशाचं पान वेगळ्या कागदाचं असेल तर.' हेही तिचं. वाळवीच्या भोकांवरून दोन पुस्तकं कपाटात शेजारी होती का, ते कसं ओळखावं, यावर पाऊण पान होतं आणि ते तिच्या वहीतून जसंच्या तसं उतरलं होतं. शेवटी तिने आभाराचं पान काढलं. पुण्याच्या प्राध्यापकांचे आभार होते, सुनेचे होते, टंकलेखन करणाऱ्याचे होते. तळाशी एक ओळ होती: 'सिल्वासातील रद्दी विक्रेत्यांचेही सहकार्य लाभले.'

"विक्रेते किती आहेत गं आपल्या इथं?" तिने मनीषाला विचारलं.

"कुठले?"

"पुस्तकं वाचून निवडणारे."

मनीषाने आभाराचं पान स्वतःकडे ओढून वाचलं. ती गलोंड्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये होती आणि या कार्यक्रमासाठी तिने अर्धा दिवस रजा टाकली होती. 'सरांचं पुस्तक निघतंय, आपल्याला बोलावलंय,' असं आईनेच तिला आठ दिवस सांगितलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर लोक सही घ्यायला रांगेत उभे राहिले. केसरबाईही राहिली. तिची पाळी आली तेव्हा अरविंद नेरूरकर सरांनी मान वर केली आणि ते मनापासून हसले.

"अरे वा, आलात. बरं केलंत. चहा घेतलात का?"

"सर, हे भावंडांचं मी लिहेल होतं."

"हो, हो. तुमच्याकडूनच तर कितीतरी गोष्टी समजल्या. आभारात लिहिलंय ना."

"आभारात विक्रेते आहेत. मला नाव आहे, सर."

सरांनी तिच्या मागच्या रांगेकडे पाहिलं. "आपण सावकाश बोलू या. येतोच मी रविवारी." आणि त्यांनी तिच्या प्रतीवर सही केली: 'श्रीमती केसरबाईंस, सप्रेम.' आडनाव लिहिलं नाही. अकरा वर्षं ओळख होती, पण त्यांना ते ठाऊक नसावं.

*

केसरबाई बोरसे अमळनेरकडची. तिचा नवरा सुकदेव एका यार्न कंपनीत लागला तेव्हा त्याच्यामागे सिल्वासाला आली आणि नरोली रोडवर एका पस्तीच्या गोडाऊनमध्ये निवडायला बसू लागली. पुढे मालक वापीला गेला आणि गोडाऊन तिनेच चालवायला घेतलं. इथे रद्दीला सगळे पस्ती म्हणतात. कोरा कागद वेगळा, छापील वेगळा, पुठ्ठा वेगळा. पिना काढायच्या, प्लास्टिकची कव्हरं सोलायची, मग माल वापीच्या पेपरमिलला जातो. सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच तिथे होती. मनीषा लहान असताना तिला वाचून दाखवायला म्हणून ती चित्रांची इतिहासाची पुस्तकं बाजूला ठेवायची.

नेरूरकर सर मूळचे कोकणातले. सरकारी शाळेत नोकरी करून निवृत्त झाले आणि सिल्वासातच, टोकरखाड्याला, राहिले. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी ते गोडाऊनमध्ये आले, ढिगातून एक फाटकं पुस्तक उचललं आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "बाई, ही प्रथमावृत्ती आहे," ते म्हणाले. केसरबाईने विचारलं, म्हणजे काय. सरांनी अर्धा तास सांगितलं. रद्दीच्या दुकानात कुणी अर्धा तास उभं राहून तिला काही समजावून सांगावं, असं आधी कधी झालं नव्हतं.

मग ते दर रविवारी येऊ लागले. ती त्यांच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायची. वर्षभरात ती सांगायला लागली आणि सर ऐकायला लागले. सरांच्या हाती महिन्यातून दोन पुस्तकं यायची, तिच्या हाताखालून दिवसाला दोनशे जायची. एकाच पुस्तकाच्या सात सात प्रती तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. सुकदेव गेला तेव्हा सर चौथ्या दिवशी आले, जमिनीवर बसले, काळा चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "वही लिहा. मन लागेल." म्हणून तिने वही लिहिली.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती वही वाचायला म्हणून नेली. महिन्याने परत आणून दिली. प्रत्येक पानाचा फोटो काढून घेतल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हा तिला त्याचा अभिमान वाटला होता.

*

रविवारी सर आले. नेहमीसारखी कापडी पिशवी होती. केसरबाईने त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुम्ही मनाला लावून घेतलंत," ते म्हणाले. "माझी चूक झाली, मान्य आहे. नाव घालायला हवं होतं. प्रकाशक म्हणाले, आभार लांबतायत, थोडक्यात घ्या."

"सुनेचं नाव लांबलं नही."

"केसरबाई, असं बघा. निरीक्षणं तुमची, पण मांडणी लागते. संदर्भ लागतात. दोन वर्षं मी त्यावर बसलोय. प्रथमावृत्ती हा शब्द तरी तुम्हाला कुणी सांगितला?"

"तुमी."

"मग?"

"मग त्या शब्दाचे तुमचे आभार मी मानले होते. वहीच्या पयल्या पानावर. नाव लिहून. गावसुद्धा लिहेल आहे, मालवण तालुका. तुमी त्या पानाचा पण फोटो काढला असेल."

 सरांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत सगळं नीट करू. म्हणूनच आलोय खरं तर. तुमची ती दुसरी वही आहे ना, अलीकडची. ती दिलीत तर आपण दोघं मिळून..."

केसरबाईने हातातलं कव्हर ओरबाडून काढलं आणि बाजूला फेकलं. तिचा आवाज चढला नाही.

"सर, तुमी आता निघा."

"अहो..."

"अकरा वर्षं तुमाले मी हातातलं काम टाकून पुस्तकं दाखवली. कामावरच्या बाया तिकडं ओरडायच्या, तरी दाखवली. आता मला काम करू द्या."

सर गेले. मनीषा संध्याकाळी घरी आली तेव्हा केसरबाईने सगळं सांगितलं. "छोड ना आई," मनीषा म्हणाली, "कोण वाचणार आहे ते पुस्तक?"

"तेच तर. वाचणारे वाचतील. आणि पान एकसष्टवर त्याने चुकीचं छापलंय."

पान एकसष्टवर 'आरमाराची पहिली होडी' होतं. उगवती इतिहासमालेतलं हे तिचं सर्वांत आवडतं पुस्तक. त्याच्या मागे यादी नव्हती, जहाजाचं चित्र होतं. किंमत सगळ्या प्रतींवर बारा आणे, आणि आत सगळीकडे 'पहिली आवृत्ती'. फरक एकच होता. चाळिसाव्या पानावर काही प्रतींत 'गलबत' असा शब्द नीट छापलेला होता, काहींत चुकून 'गबलत' झालं होतं. पहिल्या वहीत तिने लिहिलं होतं: चूक असलेली आधीची, पुढे सुधारली असणार. सरांनी तेच छापलं होतं.

पण दोन वर्षांपूर्वी मिलसाठी पिना काढताना तिच्या लक्षात आलं, की 'गबलत'वाल्या सगळ्या प्रतींना पिना आहेत, गंजून कागद खाल्लेल्या. 'गलबत'वाल्या प्रती दोऱ्याने शिवलेल्या. त्या मालेतली सगळीच जुनी पुस्तकं दोऱ्याची होती. मग तिने आतल्या तारखा पाहिल्या. दोऱ्याच्या प्रतींवर बक्षिसाच्या चिठ्ठ्या होत्या, बावन्न सालच्या, त्रेपन्नच्या. पिनांच्या प्रतींवर छप्पनच्या आधीची एकही तारीख नव्हती. म्हणजे पहिल्यांदा शब्द बरोबरच छापला होता. पुढे छापखान्यात अक्षरांचे खिळे नव्याने जुळवताना कुणाचा तरी हात चुकला. दुसऱ्या वहीत तिने लिहिलं होतं, 'होडीचं माझं चुकलं.' सरांना सांगायलाही गेली होती. "नंतर सांगा," सर म्हणाले होते, "सध्या एका मोठ्या कामात आहे."

"मग सांगून टाक त्यांना," मनीषा म्हणाली.

"नही सांगणार. छापलंय ना स्वतःच्या नावानं? आता चूकही त्याचीच."

पुढचे काही दिवस हा विचार तिला गोड लागत होता. भाकरी थापताना, माल मोजताना तो मनात यायचा आणि तिला बरं वाटायचं.

*

मार्चमध्ये एका शाळेतून नऊ पोती आली. वाचनालय आवरलं होतं. टेम्पोवाला म्हणाला, नेरूरकर सरांनीच येऊन निवडून दिली, चांगली ठेवली, बाकीची पस्तीत. केसरबाईने तिसरं पोतं उपडं केलं आणि तिला 'आरमाराची पहिली होडी' दिसलं. मग दुसरं. मग तिसरं. तिन्ही प्रतींच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'दु.' लिहिलेलं होतं. दुय्यम. सरांचं अक्षर तिने कुठेही ओळखलं असतं.

तिने चाळिसावं पान काढलं. गलबत. मध्यावर बोट फिरवलं. दोरा.

शाळेच्या काचेच्या कपाटात 'गबलत' गेलं होतं आणि खरी पहिली छपाई तिच्या काट्यावर आली होती.

तिने तिन्ही प्रती मांडीवर घेतल्या. आधी तिला हसू आलं. मग ते गेलं. या तीन वाचल्या, कारण पोतं तिच्याकडे आलं. ते दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर? सरांचं पुस्तक नाशिकला गेलं होतं, पुण्याला, ठाण्याला. तिथे कुणीतरी पान एकसष्ट उघडून शांतपणे चांगली प्रत पोत्यात टाकत असेल. आणि ते पान मूळचं तिचं होतं. तिची जुनी चूक दुसऱ्याच्या नावाने गावोगाव फिरत होती आणि पुस्तकं मारत होती.

आता तिला सरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. महिनाभर तिने गप्प बसून मजा घेतली होती.

त्याच शनिवारी टोकरखाड्याच्या एका सभागृहात सर शिक्षकांसमोर बोलणार होते. विषय होता, शालेय ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांची निवड. केसरबाईने एक दोऱ्याची प्रत आणि घरातली एक पिनांची प्रत पिशवीत घातली, दुसरी वही घेतली आणि गेली. तीस-पस्तीस शिक्षक होते. ती शेवटच्या बाकावर बसली. सरांनी तिला पाहिलं आणि बोलता बोलता एक वाक्य दोनदा म्हटलं.

पडद्यावर पान एकसष्ट आलं तेव्हा ती उभी राहिली.

"हे चुकीचं आहे."

सगळे मागे वळले. "प्रश्न शेवटी घेऊ या," सर म्हणाले.

"प्रश्न नही. मी सांगू राहिली. गबलतवाली प्रत नंतरची आहे. तुमी सगळे शाळेत जाऊन पयली प्रत रद्दीत टाकाल, म्हणून आत्ताच सांगते."

"बाईंचं निरीक्षण आपण तपासून पाहू," सर शिक्षकांना म्हणाले. "पुढच्या पानावर..."

"तपासा ना. आणेल आहे मी."

ती पुढे गेली नाही. जवळच्या बाकावर उषा नावाची एक शिक्षिका होती, तिच्या हातात तिने दोन्ही प्रती दिल्या. "ताई, मधलं पान उघडा. बोट फिरवा. इथं काय लागतं?"

"दोरा आहे."

"आणि ह्यात?"

"पिन. गंजलीय."

"आता पयल्याच्या आतली चिठ्ठी वाचा."

उषाने वाचली. पोहण्याच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक, ऑगस्ट एकोणीसशे बावन्न. केसरबाईने दुसरी वही उघडली आणि एकामागून एक तारखा वाचल्या, अकरा दोऱ्याच्या, सोळा पिनांच्या.  वाचून झाल्यावर प्रती हातोहात पुढे सरकत गेल्या. प्रत्येक जण मधलं पान उघडून बोट फिरवत होता. शेवटी त्या सरांच्या टेबलावर पोचल्या.

सरांनी चष्मा कपाळावर घेतला आणि प्रत डोळ्यांजवळ नेली. त्यांनी दोऱ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्यांना कळलं होतं. त्या हॉलमध्ये तिच्याखेरीज हे पूर्णपणे कळणारे ते एकटेच होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हे माझ्याकडून राहून गेलं."

"राहून नही गेलं, सर," केसरबाई म्हणाली. "ते तुमच्याकडं नव्हतंच. जे होतं ते माझं होतं, आणि ते जुनं होतं. नवं सांगायला आली तर तुमी नंतर म्हणाले."

  सर खुर्चीत बसले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, समोरच्या स्वतःच्या पुस्तकात पान एकसष्टवर आडवी रेघ मारली आणि मान खाली ठेवून विचारलं, "केसरबाई, आडनाव काय तुमचं?"

"बोरसे."

हे विचारायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. तिला वाटलं होतं, हे ऐकून आपला जीव थंड होईल. तसं काही झालं नाही. तिने प्रती उचलल्या आणि ती बाहेर पडली.

*

एप्रिलमध्ये सरांच्या प्रकाशकाने एक लहानशी चिठ्ठी छापून घेतली. पुस्तकात घालायला म्हणून ती शाळाशाळांतून पाठवली. एक केसरबाईलाही पोस्टाने आली. 'पृष्ठ ६१ वरील मजकूर रद्द समजावा. ही दुरुस्ती श्रीमती केसरबाई सुकदेव बोरसे, सिल्वासा, यांची आहे.' मनीषाने ती फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवली. अमळनेरहून फोन आले.

केसरबाईने चिठ्ठी दोनदा वाचली. एका पानावर तिचं नाव आलं होतं. तिच्या वहीतून उतरलेल्या बाकीच्या चाळीस पानांवर ते नव्हतं, आणि आता कधी येणारही नव्हतं. भावंडांची ती ओळ लोक सरांची म्हणूनच वाचणार होते. तिने चिठ्ठी दुसऱ्या वहीत ठेवली आणि कामाला लागली.

उषाबाईंचा मात्र फोन आला. त्यांच्या शाळेचं कपाट आवरायचं होतं, टाकण्याआधी एकदा बघाल का, असं त्यांनी विचारलं. मग खेरडीहून एका शाळेचा आला. ती जाऊ लागली. लोक तिला खुर्ची देत, पाणी देत, ती सांगेल ते ऐकत. पण कशावरून, असं कुणी विचारत नसे. ती ठेवा म्हणाली की ठेवत, टाका म्हणाली की टाकत.

सर रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. बाजारात एकदा लांबून दिसले, भाजी घेत होते. तिने पाहिलं, त्यांनीही पाहिलं, आणि दोघं आपापल्या वाटेने गेले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वापीहून आलेल्या गठ्ठ्यात एक पातळ पुस्तक निघालं. उगवती मालेचं नव्हतं, त्याच्याही आधीचं. निळ्या शाईत छापलेलं, प्रत्येक पानावर किल्ल्याचं लाकडी ठशाचं चित्र. असं पुस्तक असल्याचं सर एकदा म्हणाले होते, पण त्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं. केसरबाईने हात साडीला पुसले आणि ते उघडलं. मागे यादी नव्हती. किंमत चार आणे. शिवण शाबूत होती.

"मनीषा," तिने हाक मारली. मुलगी रविवारची सुट्टी म्हणून डबा घेऊन आली होती. "हे बघ."

मनीषाने पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. "चित्रं मस्त आहेत. जेवून घे ना, गार होतंय."

केसरबाई तशीच उभी राहिली. मग तिने पहिल्या पानामागचं सगळं मोठ्याने वाचलं, मुद्रकाचं नाव, गल्लीचं नाव, शके, महिना, प्रती एक हजार. गोडाऊनमधल्या बायका क्षणभर थांबून तिच्याकडे बघू लागल्या. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, माल चढवायचा होता. तिने पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं, काट्यामागच्या फळीवर ठेवलं आणि दात आवळून पहिलं पोतं ओढायला घेतलं.